ऋतूंना न जुमानणारी बाग

या बागेत वसंत आणि शरद एकत्र नांदतात. पिओनीच्या भरगच्च फुलांशेजारी शेवंती उमललेली, मागे वेळूचं बेट, फांद्यांवर पाखरांच्या जोड्या. अठराव्या शतकात कॅंटनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझोच्या, कारखान्यांत ही बाग कागदावर रंगवली जाई आणि गुंडाळ्या होऊन जहाजांतून इंग्लंडला निघे. चिनी घरांच्या भिंती अशा चित्रित कागदाने मढवण्याची रीत नव्हती. ही बाग परक्यांसाठीच फुलवलेली. ज्या दालनांत ती लागायची, ती रंगवणाऱ्यांनी कधी पाहिली नाहीत; आणि 1757 नंतर कॅंटनपुरतीच मुभा असलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांनाही नदीकाठच्या वखारींपलीकडचा चीन फारसा दिसत नसे. एकमेकांना न पाहिलेल्या दोन जगांमध्ये हा कागद तेवढा दुवा होता.

युरोपातला छापील कागद ठशाचा. त्यावर एकच नक्षी हातभर अंतरावर पुन्हा भेटते. इथे तसं नाही. एका संचात साधारण 25 ते 40 पट्टे, प्रत्येक सुमारे 12 फूट उंच. ते ओळीने लावले की एका पट्ट्यातली डहाळी दुसऱ्यात शिरते आणि दालनभर बाग अखंड पसरते. तांब्याच्या खनिजांतला हिरवा आणि निळा, हिंगुळाचा लाल, शिशाचा सफेता, असे रंग कुंचल्याने भरलेले. कुठे पान किडीने कुरतडलेलं, कुठे कडेला पिवळं पडत चाललेलं. विक्रीच्या मालात कीड लागलेलं पान रंगवायला कुणी सांगितलं असेल? झाड मनापासून न्याहाळणाऱ्यालाच ते सुचतं. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीवर गेलेला वनस्पतिज्ञ जोसेफ बँक्स यानेही नोंदवून ठेवलं आहे, की या कागदांवरचा बांबू त्याने पाहिलेल्या उत्तमोत्तम वनस्पतिग्रंथांतल्या चित्रांहून सरस आहे.

1771 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या नॉस्टेल प्रायरी या हवेलीत नामवंत फर्निचर-कारागीर टॉमस चिपेंडेलने असा हिरवा कागद लावला; तो आजही तिथे आहे. जवळच्या हेअरवूड हाउसमधला कागद एकोणिसाव्या शतकात उतरवला गेला. 1988 मध्ये त्याचे तुकडे आवारातल्या एका इमारतीत जपून ठेवलेले सापडले आणि ते पुन्हा भिंतीवर चढले. टेम्पल न्यूसम या हवेलीत तर आणखी नवल. तिथल्या मालकिणीला, लेडी हर्टफर्डला, भिंतीवरची बाग कमी पाखरांमुळे ओकीबोकी वाटली असावी. तिने पक्षिचित्रकार ऑड्यूबॉनच्या ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’मधले पक्षी कात्रीने कापून चिनी फांद्यांवर चिकटवले. आज त्या ग्रंथाची प्रत जगातल्या सर्वांत महागड्या पुस्तकांत मोजली जाते. पण मला त्या कापलेल्या पानांची हळहळ वाटत नाही. अमेरिकेतले पक्षी कॅंटनच्या फांदीवर येऊन बसले आणि फांदीने त्यांना पेललं, याचंच अप्रूप वाटतं.

हीच पाखरं आणि हीच फुलं आपल्याकडेही उतरली आहेत. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन कॅंटनला जाणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांनी तिथून भरतकामाचे गारे, म्हणजे रेशमी साड्या, आणले. रेशमावरच्या त्या पिओनी आणि पाखरांच्या जोड्या मुंबईतल्या पारशी घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. कुंचला असो की सुई, परक्या गिऱ्हाइकासाठी काम करतानाही कॅंटनचा हात आखडला नाही.

म्हणूनच ‘निर्यातीचा माल’ म्हणून या कामाला कलेच्या उंबऱ्याबाहेर बसवणं मला मान्य नाही. मागणी दुसऱ्याची होती, पैसा दुसऱ्याचा होता, भिंतही दुसऱ्याची. पण पानाची शीर कुठे वळते हे पाहणारी नजर कुणीही विकत घेतलेली नव्हती. ती चित्रकाराची स्वतःची होती. कागद लावणाऱ्या चिपेंडेलचं नाव जगाला ठाऊक आहे, ते राहोच. पण त्या दालनात उभं राहून पहिला मान द्यायचा तो कॅंटनच्या त्या निनावी चित्रकारांना.