जनुक जंतूचे, अहवाल रुग्णाचा

नाकाडोंगरी परिसरात आरोग्याचे काम करताना गेल्या काही वर्षांत आम्हाला एक कागद वारंवार दिसू लागला आहे. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून सुटी होऊन आलेल्या रुग्णाच्या फाईलमध्ये तो असतो. डाव्या बाजूला अँटिबायोटिक औषधांची लांब यादी आणि प्रत्येक नावासमोर इंग्रजीतले एकच अक्षर. आर, आर, आर आणि मधेच एखादा एस. एका मावशीच्या मुलाने तो कागद आमच्यापुढे धरला आणि विचारले, "भाऊ, हे आर-आर काय लिवलं आहे जी? मायले का झालं होतं?" महिनाभर उपचार झाले, उसनवारी झाली, पण या दोन प्रश्नांची उत्तरे त्या कुटुंबाला कोणी दिली नव्हती.

एस म्हणजे या औषधाने जंतू मरतो. आर म्हणजे रेझिस्टंट, या औषधाला जंतू दाद देत नाही. लघवी, रक्त किंवा जखमेतला पू घेऊन प्रयोगशाळेत जंतू वाढवतात आणि त्याच्यावर एकेक औषध तपासतात. याला कल्चर म्हणतात आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. जंतू दाद का देत नाही हे शोधायचे असेल तर त्याच्या जनुकापर्यंत जावे लागते. पीसीआर यंत्रात त्या जनुकाचा ठरावीक तुकडा लाखो पटींनी वाढवला जातो. तुकडा असेल तरच तो वाढतो, नसेल तर नाही. त्यावरून कळते की औषध निकामी करणारे जनुक या जंतूकडे आहे.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. हे जनुक जंतूचे असते, रुग्णाचे नसते. मावशींच्या बाबतीत 'जनुक' हा शब्द कोणीतरी दवाखान्यात ऐकला आणि तो गावापर्यंत पोचला तेव्हा त्याचा अर्थ 'रक्तातच दोष' असा झाला होता. शेजारच्या लेकरांना त्या घरी जायची बंदी झाली, पाण्याचा गुंड वेगळा ठेवला गेला. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या विटाळ सोसला, त्याच समाजातल्या एका बाईच्या वाट्याला विज्ञानाच्या नावाने पुन्हा विटाळ आला. खरे तर विज्ञान नेमके उलट सांगते. हे जनुक बहुधा प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल तुकड्यावर असते आणि तो तुकडा एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे सहज जातो. क्लेब्सिएलाकडून ई-कोलायकडे जातो. तिथे वंश नाही, कूळ नाही. असे जंतू माणसाच्या आतड्यात काही त्रास न देताही राहू शकतात. त्यासाठी साबणाने हात धुणे, शौचानंतरची स्वच्छता आणि दवाखान्यात हातमोजे लागतात. माणसाला वाळीत टाकणे हा त्यावरचा उपाय नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या चार महिन्यांत कार्बापेनेम या राखीव ठेवलेल्या औषधांनाही दाद न देणारे २४ जंतू सापडले. त्यांची जनुक तपासणी केली तेव्हा २२ जंतूंमध्ये एनडीएम-१ हे जनुक निघाले. मार्च २०१० मध्ये हे निष्कर्ष भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात छापून आले. तेव्हा फारशी खळबळ झाली नाही. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या रुग्णांवरचा अभ्यास आला तेव्हा मात्र वादळ उठले. वाद कशावरून झाला? नावावरून! एनडीएममधले एन-डी म्हणजे न्यू दिल्ली. दिल्लीत उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या जंतूत स्वीडनमध्ये हे जनुक प्रथम ओळखले गेले, म्हणून ते नाव. सरकारला त्यात देशाची बदनामी दिसली, वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा डाव दिसला.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये ते जनुक सापडले. त्या पाण्यातून कोण चालतो? गटारात कोण उतरतो? दवाखान्यातला मैला, रक्ताने भरलेल्या चादरी, लघवीच्या पिशव्या कोण उचलतो? सफाई कामगाराची जात कोणती आणि त्याची नोकरी किती महिन्यांच्या कंत्राटाची, हे वाचकांना आम्ही सांगायची गरज नाही. देशाच्या नावाला लागलेला डाग दिसतो आणि या माणसाच्या उघड्या हातांना लागलेली घाण दिसत नाही, ही या वादातली खरी गोम आहे.

दुसरी पळवाट अशी की दोष गरिबांवर ढकलायचा. 'खेड्यातले लोक गोळ्या अर्धवट सोडतात, म्हणून जंतू माजले', हे वाक्य आम्ही अनेक शिबिरांत ऐकले आहे. मजुरी बुडवून दवाखान्यात आलेला माणूस दोन दिवसांच्याच गोळ्या घेतो, कारण खिशात तेवढेच पैसे असतात. आणि डॉक्टर तरी काय करतात? तपासणीची सोय नसल्यामुळे अंदाजाने जास्तीत जास्त जंतूंवर चालणारे औषध देतात. १ मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूची लागू झाली. त्यातल्या औषधांची विक्री चिठ्ठीवरच करायची आणि दुकानदाराने तिची नोंद तीन वर्षे जपून ठेवायची, असा नियम आहे. नियम योग्यच आहे. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या हाती कल्चरचा अहवाल नसेल तर तो अंदाजच शाईने लिहिला जातो, एवढेच.

आम्ही समाजशास्त्र शिकलो. त्यात पहिल्याच वर्षी एक प्रश्न विचारायला शिकवतात. नमुना कोणाचा? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये जंतूंच्या प्रतिरोधावर लक्ष ठेवणारे जाळे उभे केले. विदर्भातल्या सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालयही आज त्यात आहे. काम मोलाचे आहे. पण आकडेवारी प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांची असते. जो नाकाडोंगरीहून तिथवर पोचतच नाही, त्याचा जंतू मोजला जात नाही. तो तापाने गेला, एवढीच नोंद गावाच्या आठवणीत राहते.

'जनुक तपासणी खेड्यात नेणे परवडत नाही' असे कोणी म्हणेल. हे खोटे आहे आणि क्षयरोगाने ते खोटे ठरवले आहे. आमच्या भागात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खडक फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की क्षयाचा धोका वाढतो. आज खोकल्याच्या रुग्णाची थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रात घालून रिफाम्पिसिन चालेल की नाही हे काही तासांत कळते. ही यंत्रे जंतूच्या आरपीओबी या जनुकातला बदलच शोधतात. ट्रूनॅट तर गोव्यातल्या कंपनीचे आहे, बॅटरीवर चालते आणि लहान केंद्रांसाठीच बनवलेले आहे. म्हणजे सरकारने ठरवले तेव्हा जनुक तपासणी गरिबाच्या थुंकीपर्यंत आली. मग बाळंतिणीच्या तापाला, मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पुवाला, नवजात बाळाच्या रक्तातल्या जंतूला हा न्याय का नाही?

खर्चाचे म्हणाल तर १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. श्रम करणाऱ्याच्या आरोग्यावरचा खर्च ही दया नाही, ते देणे आहे, ही समज आपल्याला तिथून मिळाली आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. तालुक्याच्या पातळीवर कल्चरची सोय असावी. ती होईपर्यंत थुंकीचा नमुना जसा केंद्रातून यंत्रापर्यंत जातो तसा रक्त-लघवीचा नमुनाही जावा आणि निकाल उपचार चालू असतानाच परत यावा. औषध निकामी करणारे जनुक सापडले तर ते काय आहे, घरात काय काळजी घ्यायची आणि काय घाबरायचे नाही, हे नातेवाइकांना मराठीत सांगावे आणि त्याची प्रत हाती द्यावी. सफाई कामगाराला हातमोजे, बूट, लस आणि कायम नोकरी मिळावी.

तोवर प्रत्येक वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी एवढे करावे. दवाखान्यात आपल्या माणसासोबत गेलात की विचारा, कल्चर पाठवले का? निकाल काय आला? कोणते औषध एस आहे? अहवालाची प्रत मागून घ्या, जपून ठेवा, पुढच्या डॉक्टरला दाखवा. ज्ञान कोंडून ठेवणाऱ्या व्यवस्थेशी आपले भांडण जुने आहे. या एका कागदापुरते तरी ते आजच सुरू करता येईल.

जय भीम.