बंद फाटकाआडची बिअर

स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहराच्या दक्षिणेला, इनरलेथन गावाजवळ ट्रॅक्वेअर हाऊस हा जुना वाडा आहे. सलग वस्ती असलेले हे स्कॉटलंडमधले सर्वांत जुने घर मानले जाते. त्याच्या मुख्य फाटकाच्या खांबांवर दगडी अस्वले बसली आहेत. हे फाटक 1745 पासून बंद आहे! त्या वर्षी बापजाद्यांची गादी परत मिळवायला निघालेला राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट येथून गेला. पुन्हा स्टुअर्ट राजा गादीवर बसेपर्यंत फाटक उघडणार नाही, असा शब्द घरधन्याने दिला म्हणे. राजपुत्र हरला. पाहुणे आजही दुसऱ्या वाटेनेच आत येतात.

घरची बिअरची भट्टी मात्र पुन्हा पेटली. 1739 मध्ये बसवलेले तांब्याचे मोठे भांडे अडगळीत पडून होते. 1965 मध्ये घराचे मालक पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांनी ती खोली साफ करून तिथेच बिअर बनवायला घेतली. आंबवण्यासाठीही ओकच्या लाकडाची जुनीच पिंपे वापरली.

त्यांची मुख्य हाऊस एल 7.2 टक्के मद्यार्काची. साधी बिअर 4-5 टक्क्यांची असते. तेव्हा ही गडद, गोडसर बिअर घटाघटा पिण्याची नव्हे. फाटकावरच्या अस्वलांचे नाव मिळालेली बेअर एल त्यामानाने सौम्य, 5 टक्क्यांची. सर्वांत कडक आहे ती जॅकोबाइट एल, 8 टक्क्यांची. स्टुअर्टांच्या पाठीराख्यांना जॅकोबाइट म्हणत. त्यांच्या फसलेल्या बंडाला 250 वर्षे झाली म्हणून 1995 मध्ये ती काढली. तिच्यात चक्क धने असतात.