बाइट जुळले का?

अंकाची पानं लावून झाली की पीडीएफ छापखान्याच्या सर्व्हरवर चढवायच्या. बघणाऱ्याला हे काम किरकोळ वाटतं. फाइलझिला या प्रोग्रॅमच्या पडद्यावर डावीकडे आपला संगणक, उजवीकडे छापखान्याचा सर्व्हर. इकडची फाइल ओढून तिकडे टाकली की झालं. मुरलेला डीटीपीवाला मात्र फाइल गेल्याचा संदेश आला तरी जागचा उठत नाही. दोन्ही बाजूंचे बाइटचे आकडे तो शेवटच्या अंकापर्यंत ताडून बघतो.

ही सावधगिरी कशासाठी, हे समजायला थेट अर्पानेट या जुन्या संगणक-जाळ्याच्या काळात जावं लागतं. फाइल पाठवण्याच्या या रीतीचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला आराखडा १९७१ च्या एप्रिलमध्ये एमआयटीत असलेल्या अभय भूषण यांनी मांडला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून ते शिकून गेले होते. त्या जाळ्यावरच्या यंत्रांची घडणच एकमेकांशी जुळत नव्हती. कुणाचा शब्द ३६ बिटांचा, तर कुणाचा ३२. म्हणून मजकूर समोरच्या यंत्राच्या रीतीप्रमाणे बदलून देण्याची सोय एफटीपीत आली. मोठी दूरदृष्टीची सोय होती ती.

'आस्की मोड' या नावाने ती आजही आहे. ओळ संपली की विंडोज १३ आणि १० असे दोन बाइट लिहितं, लिनक्स फक्त १०. विंडोजवरून लिनक्सच्या सर्व्हरकडे आस्की मोडमध्ये फाइल निघाली, की त्या जोडीतला १३ गळतो. साध्या मजकुराला हे सोयीचंच. पीडीएफचा मात्र त्यात घात होतो. तिच्या पोटात कुठला घटक कितव्या बाइटपासून सुरू होतो, याची नोंद असते. अलीकडचा एक बाइट गळाला तरी पलीकडचे सगळे पत्ते चुकतात. छायाचित्राच्या माहितीत हीच जोडी योगायोगाने आली असेल, तर चित्रच बिघडतं. 'बायनरी' निवडलं की बाइटला धक्का लागत नाही. आकडे ताडण्याचं मोल इथे कळतं: गळती झाली असेल तर ती तिथेच दिसते.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे नाव. बऱ्याच छापखान्यांत 'हॉट फोल्डर' असतं. त्यात फाइल पडली की यंत्रणा ती आपोआप उचलते आणि रिपकडे, म्हणजे प्लेटच्या वाटेला लावते. फाइल अजून चढतेच आहे, हे तिला कळेलच असं नाही. म्हणून जाणकार माणूस आधी तात्पुरतं नाव देऊन शेजारच्या फोल्डरमध्ये फाइल चढवतो, बाइट ताडतो आणि मगच खरं नाव देऊन ती हॉट फोल्डरमध्ये सरकवतो. जुन्या फाइलवर नवी थेट लिहिण्याचं तो टाळतो, कारण सर्व्हरवर पुसलेलं परत काढायला सहसा रिसायकल बिन नसतो.

तिसरी जपायची गोष्ट म्हणजे पासवर्ड. मूळ एफटीपीत तो उघडाच जातो. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपीची साथ सोडली आणि पोर्ट २२ वरून चालणारं एसएफटीपी वापरणं आता शहाणपणाचं आहे. त्यात पासवर्डही झाकलेला आणि फाइलही. तात्पुरत्या नावाची सवय मात्र तिथेही सोडता येत नाही. लाइन मध्येच तुटली तर अर्धवट फाइल एसएफटीपीतही मागे राहू शकते.