किर्कला काय आठवतं?

6 एप्रिल 1967 रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानावरच्या मालिकेचा एक भाग लागला. त्यात कॅप्टन किर्क 1930 च्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पडतो, गरिबांना जेवू घालणाऱ्या ईडिथ कीलरवर त्याचा जीव जडतो आणि इतिहास बदलू नये म्हणून तो तिला ट्रकखाली मरू देतो. तिला वाचवायला धावलेल्या डॉक्टर मकॉयला तोच धरून ठेवतो. पुढच्याच आठवड्यात त्याचा सख्खा भाऊ मरतो, भावजय जाते, पुतण्या पीटर पोरका होतो. आणि त्या भागाच्या अखेरीस यानावर नेहमीची थट्टामस्करी चालू असते! ईडिथचं किंवा पीटरचं नाव त्या मालिकेत पुन्हा निघत नाही.

मी दैनंदिन मालिकांच्या पटकथा लिहिते, त्यामुळे हा विसर मला चांगला ओळखीचा आहे. आमच्याकडे ट्रॅक, म्हणजे एखादं उपकथानक, संपला की त्यातलं दुःखही संपतं. पाया पडून माफी मागितलेली खलनायिका पुढच्या ट्रॅकमध्ये नवा कट रचते, तेव्हा मधल्या पश्चात्तापाची खूणही तिच्या वागण्यात नसते. कथा काही वर्षं पुढे नेणारा लीप घेतला की केस पांढरे होतात, स्वभाव जिथल्या तिथे राहतो. माझ्या मते पात्राची वाढ होते ती आठवणीतून. काल घडलेल्या गोष्टीमुळे माणूस आज थोडा वेगळा वागला, तरच तो वाढला.

‘स्टार ट्रेक’च्या लेखकांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांची अडचण खरी होती. भाग वेगवेगळ्या लेखकांचे असत. भाग चित्रित झाले त्याच क्रमानं दाखवले जातील याची खात्री नव्हती आणि पुनःप्रक्षेपणात तर कुठलाही भाग कधीही लागे. घरोघरी रेकॉर्डर यायचे होते. एखादा भाग हुकलेल्या प्रेक्षकाचं अडू नये, म्हणून दर आठवड्याला पात्रं पूर्वीच्या जागी आणून उभी करावी लागत.

प्रेक्षकांना मात्र सगळं आठवत होतं. 1967 मध्येच ‘स्पॉकनेलिया’ हे ‘स्टार ट्रेक’ला वाहिलेलं पहिलं चाहत्यांचं नियतकालिक निघालं. अशा नियतकालिकांतून लिहिणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि दोन भागांमधल्या मोकळ्या जागेत त्या शिरल्या. 1967 च्याच सप्टेंबरमधल्या एका भागात आपण किर्कला ठार मारलं असं यानावरचा त्याचा सहकारी स्पॉक याला वाटतं. मग किर्क जिवंत दिसतो आणि भावना आवरून धरणारा स्पॉक उघड हसतो, त्याचे दंड पकडतो. क्षणात स्वतःला सावरतो. मालिका तिथून पुढे निघून जाते. त्या रात्री स्पॉकला झोप लागली का? मानवी आईचा मुलगा आपल्या व्हल्कन या परग्रहावरच्या बापाला हे कधी सांगेल का? चाहत्यांचं लेखन अशा प्रश्नांतून जन्मलं. जॅकलिन लिक्टेनबर्ग यांनी तर 1970 च्या सुमारास ‘क्रेथ’ ही कथामाला सुरू करून व्हल्कन समाजाचे रीतिरिवाजच रचले. पुढे इतरांनीही तिच्यात भर घातली.

सगळं चाहतेलेखन इतकं समंजस नव्हतं. 1973 मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘मेरी सू’ नावाची साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट रंगवून त्यातल्या एका खोडीवर नेमकं बोट ठेवलं. सर्वगुणसंपन्न नायिका आली की बाकीची पात्रं तिचं कौतुक करण्यापुरती उरतात. तिलाही वाढायला जागा नसते.

मालिकेच्या या विसराचं सोनं झालं ते 1982 च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात. 1967 मधल्या एका भागात किर्कनं खान या शत्रूला एका ग्रहावर सोडलं होतं आणि मालिकेनं त्याची पुन्हा चौकशी केली नव्हती. चित्रपटानं ही हयगय मालिकेची न मानता किर्कची मानली. खान तिचाच जाब विचारायला येतो. आता किर्कला चष्मा लागला आहे, ज्याच्या आयुष्यात तो कधी नव्हताच असा तरुण मुलगा समोर उभा आहे आणि शेवटी स्पॉकचा मृत्यू त्याला पाहावा लागतो. पटकथा शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ‘स्पेस सीड’ हा तो भाग आणि मग हा चित्रपट पाहायला सांगते.

मराठी मालिकांचे प्रेक्षकही पात्रांवर रोज चिडतात, त्यांच्यासाठी रडतात, ‘ती असं वागणारच नाही’ म्हणून वाद घालतात. तुमच्या लाडक्या मालिकेनं एखाद्याचं दुःख अर्ध्यावर टाकलं असेल, तर त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट तुम्ही लिहा. आम्हा पटकथाकारांना ती वाचायची गरज आहे.