‘असावा’ आणि ‘म्हणे’

बंगळुरूत बेळ्ळंदूरला आमच्या ऑफिसात बिघाडाचे अहवाल इंग्रजीत लिहावे लागायचे आणि परदेशातला ग्राहक ते अक्षर न् अक्षर वाचायचा. हुबळीच्या एका सहकाऱ्याने लिहिलं की सर्व्हर तुमच्याच टीमने ‘सपोझेडली’ रीस्टार्ट केला होता. ग्राहक उखडला. सहकाऱ्याला म्हणायचं होतं, लॉगवरून तसं दिसतं. ग्राहकाने वाचलं, तुम्ही म्हणता खरं, पण आमचा काही विश्वास नाही. तिथे ‘प्रिझ्युमेबली’ हवं होतं.

दोन्हींना ‘कदाचित’च्या दावणीला बांधलं की असा घोटाळा होतो. कदाचित म्हणजे होईल किंवा नाही होणार. प्रिझ्युमेबली म्हणणाऱ्याच्या हाती काहीतरी धागा असतो. सकाळी अंगण ओलं दिसलं की आपण ‘रात्री पाऊस पडला असावा’ म्हणतो, तसं. सोबत ‘बहुधा’ जोडलं तर बरंच, पण खरं काम ‘असावा’च करतो. सपोझेडली मात्र ‘म्हणे’च्या घरातलं: ‘साहेब आजारी आहेत म्हणे!’ आणि बोलणाऱ्याची एक भुवई वर. अर्थात आपलं ‘म्हणे’ दर वेळी खवचट नसतं. सूर ऐकावा लागतो.

हे ऐकून सहकारी म्हणाला, “अहो, आमच्यातही हेच की! ‘मळे बंदिरबेकु’, पाऊस आला असावा. आणि ऐकलेलं सांगायचं तर शेवटी ‘अंते’.” मराठी-कन्नडची ही सोयरीक मला व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या चहाच्या टेबलावर नीट कळली.

19 जानेवारी 2018 ला चहावाल्याने बातमी दिली, “केरेगे बेंकी बित्तंते.” तळ्याला आग लागली म्हणे. 2015 आणि 2017 मध्येही बेळ्ळंदूर तळं पेटलेलं, त्यामुळे नवल कुणालाच वाटलं नाही. गच्चीवर गेलो तर धूरच धूर. ‘अंते’ची गरज संपली, पण कारणाचं काय? शहराचं सांडपाणी तळ्यात साचून मिथेन तयार होतो, हे एक. काठावरचा कचरा आणि वाळलेलं गवत, हे दुसरं. विझवायला लष्कराचे जवान आले होते.

लोक उशिरा येतील हे ग्राहकाला कळवताना सहकाऱ्याने लिहिलं, आग प्रिझ्युमेबली मिथेनमुळे. मी विचारलं, “धागा?” तो थांबला, शब्द खोडून ‘पॉसिबली’ केलं.

ग्राहकाचं त्याकडे लक्षच गेलं नाही. त्याने एवढंच विचारलं: तळ्याला आग, म्हणजे पाण्याला?