खड्ड्यावरची चिंधी

डिंडोली, सुरत
रविवार, दुपार

प्रिय छकुली,



परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा मी "लिहून कळवतो" म्हणालो. तुला वाटलं असेल, मामानं टाळलं. तसं नाही गं. प्रश्न महिन्याला दहा पौंडांचा असला तरी तो ऐकताना मला आबा, तुझे आजोबा, आठवत राहिले, आणि ते सगळं फोनवर सांगून झालं नसतं.

जावईबापू म्हणतात, रस्ते सांभाळणं हे कौन्सिलचं काम, त्यासाठी आपण कर भरतो, मग सायकलींचे रस्ते सांभाळणाऱ्या संस्थेला वर दान कशाला? त्यांचं म्हणणं हलक्यानं घेण्यासारखं नाही. मी उभा जन्म महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं. सार्वजनिक काम सार्वजनिक पैशातून व्हावं या तत्त्वावरच माझी चूल पेटली, आणि आजही वेरा, म्हणजे महापालिकेचा कर, भरताना मला तो आपला हक्क विकत घेतल्यासारखा वाटतो. तरीही मी तुला सांगणार आहे, की दे. का ते वाच, आणि हे पत्र त्यांनाही वाचून दाखव.

गेल्या जूनमध्ये तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा रोज सकाळी त्या जुन्या रेल्वेच्या वाटेनं फिरायला जायचो. ब्रिस्टलहून बाथला जाणारी ती तेरा मैलांची वाट. स्टेपल हिलच्या बोगद्यात शिरलं की अंगावर एकदम गारवा यायचा, वरून पाण्याचे थेंब टपकायचे, आणि शाळेला निघालेली पोरं आपला आवाज घुमतो का ते बघायला आरोळी ठोकायची. एके दिवशी बोगद्याच्या पलीकडे एक बाई दिसल्या. सत्तरीच्या असतील. हातात जाड मोजे आणि झाडं छाटायची कात्री. वाटेवर आलेली काटेरी झुडपं कापत होत्या. मी थोडा वेळ उभा राहून बघत होतो. त्या सरसकट कापत नव्हत्या. सायकलवर पुढच्या खुर्चीत बसलेल्या लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवर येणारी फांदी आधी, बाकीच्या नंतर. मग कापलेल्या फांद्या वाकून गोळा केल्या, कारण त्यांचे काटे टायरमध्ये जातात. मी विचारलं, पगार मिळतो का? हसून मान हलवली. त्या स्वयंसेवक होत्या.

ती वाट मुळात कशी झाली हे तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. मग मीही थोडं वाचलं. साठच्या दशकात त्या मार्गावरच्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. १९७७ साली तुमच्या ब्रिस्टलमधल्याच काही सायकलवेड्या मंडळींनी गट उभारला, आणि त्यांनी कुदळ-फावडी घेऊन मोकळ्या पडलेल्या त्या मार्गावर वाट तयार करायला घेतली. त्यातूनच सस्ट्रान्स म्हणून ओळखली गेलेली संस्था उभी राहिली. १९९५ मध्ये तिला राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून चार कोटी पौंडांहून जास्त रक्कम मिळाली आणि देशभर जाळं विणलं गेलं. इतकी मोठी रक्कम आली, की कुणालाही वाटेल आता झालं काम. पण २०१८ मध्ये संस्थेनं स्वतःच आपल्या सगळ्या वाटा तपासल्या आणि जवळजवळ निम्मा भाग खराब आहे असं छापून सांगितलं. पुढे जे रस्ते मोटारींच्या वर्दळीमुळे मुलांना घेऊन जाण्याजोगे नव्हते, ते जाळ्यातून काढूनही टाकले. आपल्या कामाचा जवळजवळ निम्मा भाग वाईट आहे असं जी संस्था स्वतःहून सांगते, तिच्या हातात दहा पौंड द्यायला मला भीती वाटत नाही.

आता आबांचं सांगतो. तू त्यांना खाटेवर पडलेलंच पाहिलंस. १९७२ च्या दुष्काळात ते दोंडाईच्याहून टाप्टी लाइनच्या गाडीत बसले आणि उधन्याला उतरले. आपल्या खानदेशातली पुष्कळ माणसं अशीच आली. लिंबायतला एक खोली, आणि उधन्याला लूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी. संध्याकाळी सातला निघायचं ते सकाळी सातला सुटायचं. पहिल्या वर्षीच्या पैशांतून त्यांनी जुनी बावीस इंची काळी सायकल घेतली. कॅरियरला डबा बांधायचे तो सुताच्या दोरीनं, कारखान्यातल्याच. पाळी सुटायच्या वेळी गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यातून, सायकलींचा लोंढा यायचा. ताई, म्हणजे तुझी आई, आणि मी ओट्यावर बसून घंटीच्या आवाजावरून आबा ओळखायचो.

मी सातवीत असताना त्या रस्त्यावर कुणीतरी चर खणला आणि तसाच उघडा ठेवला. ना दिवा, ना दगड. पावसाळ्याचे दिवस, पाळीला जाताना आबा सायकलसकट आत गेले. उजवा हात मोडला. लूमवर एका हाताचं काम नसतं. चाळीस दिवस घरी. बिनपगारी. त्या चाळीस दिवसांत माय दुसऱ्यांच्या घरी साड्यांना टिकल्या लावायला जायची, ते ताईला जास्त आठवत असेल.

पण मला आठवतं ते वेगळंच. हाताला प्लॅस्टर असताना आबांनी मला एक बांबू आणायला लावला. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये शेजारी कामाला होते, त्यांच्याकडून लाल कापडाचा तुकडा आणला आणि बांबूला बांधून चराच्या तोंडाशी रोवला. रात्री जाऊन बघितलं तर लाल रंग अंधारात काळाच दिसतो. मग त्यांनी ग्रे कापडाची, म्हणजे न रंगवलेल्या पांढरट कापडाची, चिंधी बांधली. ती दिसली. पण रिक्षांच्या धुरानं आणि चिखलानं दोन दिवसांत ती मळून गेली. तिसऱ्या दिवशी आबा नवी चिंधी घेऊन गेले. मग दर दोन दिवसांनी. आठवड्यातून एकदा बांबू वाकलेला असायचा, तो सरळ करायचा, बुडाशी दगड रचायचे. हात बरा होऊन कामाला लागले तरी पाळीला जाताना त्यांच्या खिशात एक घडी घातलेली चिंधी असायची. चर बुजेपर्यंत हे चाललं, तीन-साडेतीन महिने. मी एकदा विचारलं, आबा, हे आपलं काम आहे का? ते म्हणाले, "काम ज्याचं असेल त्याचं. पोरगं आज रात्री जाणार आहे."

छकुली, बांबू रोवणं एका दिवसाचं काम होतं. चिंधी बदलणं साडेतीन महिन्यांचं. आपल्या समाजात बांबू रोवणारे पुष्कळ आहेत. घाट बांधतात, मंदिराला कळस चढवतात, पाणपोई काढतात आणि त्यावर आईवडिलांचं नाव कोरतात. ते चांगलंच आहे. पण पाणपोईचा माठ रोज घासणाऱ्याच्या पगाराची कुणी पावती फाडत नाही. तुझ्या त्या संस्थेच्या कामातला मोठा भाग हाच माठ घासण्याचा आहे. फांद्या, पालापाचोळा, पाणी वाहून जायच्या चरी, तुटलेल्या पाट्या. त्याला फीत कापायला कुणी येत नाही, म्हणून त्याला पैसेही सहज येत नाहीत.

आणि कौन्सिलनं करावं, हेही खरंच आहे. आमच्या सुरतेइतका याचा पुरावा दुसरीकडे सापडणार नाही. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेग आला तेव्हा आम्हीही कपड्यांची दोन बोचकी घेऊन दोंडाईच्याला पळालो होतो. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना थंड खोल्यांतून उठवून रोज रस्त्यावर आणलं, रात्रीची झाडलोट सुरू केली. दीड वर्षात शहराची गणना देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत होऊ लागली, आणि २०२३ च्या सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीनं पहिली आली. रस्ता एकदा धुऊन काढला म्हणून ते झालं नाही; दर रात्री कुणीतरी झाडू मारतं म्हणून झालं. आजही पहाटे चारला मला जाग आली की खराट्याचा आवाज ऐकू येतो आणि बरं वाटतं.

सायकलींच्या बाबतीत मात्र आपण अजून बांबू रोवण्यातच आहोत. २०१४ मध्ये इथली पहिली बीआरटीएस, म्हणजे राखीव मार्गावरची बस, उधना दरवाजापासून सचिन जीआयडीसीपर्यंत धावली, म्हणजे नेमकी ज्या पट्ट्यात कारखान्यांचे कामगार सायकल चालवतात तिथूनच. २०२१ मध्ये सायकलस्नेही शहरांच्या स्पर्धेत केंद्र सरकारनं अकरा शहरं निवडली आणि प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. त्यात सुरत होती, नागपूर आणि पिंपरी-चिंचवडही होती. पुण्यानं तर २०१७ मध्ये आठशे किलोमीटरांहून मोठ्या सायकल-जाळ्याचा आराखडा केला. आराखडे हवेतच. पण सायकलचा पट्टा आखला, आणि सकाळी त्यावर कुणी मोपेड लावली, दुपारी नारळवाल्यानं गाडी लावली, पावसानं रंग गेला, तर तो पट्टा उरतो कुठं? कामगार पुन्हा ट्रकच्या चाकाशेजारी येतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या १०० घरांपैकी जवळपास ४५ घरांत सायकल होती. आपण ती गरिबाची म्हणून बघतो, आणि गरिबाच्या वाटेवर रोज लक्ष ठेवायला कुणाला नेमत नाही.

इथं मी पैसे देणार नाही, हेही सांगतो. इथं ते महापालिकेकडूनच करून घ्यायचं, कारण तिला ते जमतं हे तिनं दाखवलं आहे. माझे दोन जुने विद्यार्थी आणि मी महिन्यातून एका रविवारी उधन्याच्या बाजूनं सायकलवर जातो, खड्डा, उघडं झाकण, तुटलेला कठडा यांचे फोटो काढतो आणि जागेच्या खुणेसह लेखी अर्ज देतो. सहा महिन्यांत चार झाकणं बसली. तुमच्याकडे गोष्ट वेगळी आहे. संस्थेच्या जाळ्यातल्या वाटांचा काही भाग तिच्या स्वतःच्या मालकीचा, बराचसा कौन्सिलांचा, काही खासगी जमिनीवरून. अशा जोडकामात दोन हद्दींच्या मधला तुकडा कुणाचाच नसतो, आणि काटे तिथंच वाढतात. तिथं संस्था लागते.

मात्र डोळे झाकून देऊ नकोस. त्यांना पत्र लिहून विचार, की माझ्या पैशातला किती भाग वाटेच्या देखभालीवर जातो आणि किती प्रचारावर. वाटेच्या तोंडाशी मोटारसायकली अडवायला ते लोखंडी अडसर लावलेत ना, ज्यातून तुझी पुढच्या पेटीची सायकल जाईना आणि मला उतरून ती तिरकी उचलावी लागली होती? अपंगांच्या खुर्च्याही तिथं अडतात. असे हजारो अडसर त्यांच्या जाळ्यात आहेत आणि ते काढायचं कामही त्यांनी घेतलं आहे. तुमच्या भागातले केव्हा निघणार, ते विचार. उत्तर नीट आलं तर बँकेतून दरमहा परस्पर जाईल अशी सोय कर. एकदम शंभर देण्यापेक्षा दरमहा दहा बरे. फांद्याही दरमहाच वाढतात. तू तिथं कर भरतेस, तेव्हा तो कर-सवलतीचा अर्ज भरायला विसरू नकोस. तुझ्या प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला पंचवीस पेन्स देतं. जावईबापूंना हे सांग, म्हणजे त्यांचा करही त्या वाटेवर थोडा पोचेल.

आणि जमलं तर महिन्यातून एक सकाळ कात्री घेऊन स्वतः जा. लेकराला घेऊन जा. मोजे जाड घाल.

आबांची सायकल अजून आहे. गेल्या आठवड्यात मागच्या चाकाचे चार आरे बदलले, सीटला नवं कव्हर घातलं, घंटी तीच ठेवली. दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या लेकराला पुढं दांडीवर बसवून गरनाळ्यापर्यंत नेईन. ताईला म्हणावं, गुडघ्याचं तेल पाठवलं आहे, दोन्ही वेळा लावत जा.

तुझा,
मामा