नगरचे बाबा, लंडनचा दणका

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाद पेटला तो ‘द हू’वरून. टीममधला रॉकभक्त म्हणाला, ‘‘ओव्हररेटेड, बॉस! गिटारी फोडल्या, ड्रम उलथवले, लोकांच्या कानठळ्या बसवल्या. बीटल्स, स्टोन्स आणि तिसरे म्हणे हे!’’ एरवी मी वडापाव संपवून उठले असते. पण मी पडले नगरची. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पप्पांच्या तोंडी अजून नगरच.) ‘सीएसआय : न्यूयॉर्क’ सुरू होताना वाजणारं ‘बाबा ओ’रायली’ आठवतंय? त्यातले बाबा आमच्या शेजारचे. अरणगावचे मेहेरबाबा!

एवढं ठसक्यात बोलले खरं, पण अरणगावला मी आयुष्यात एकदाही गेले नव्हते. शनिवारी थेट नगरची एसटी पकडली.

दौंड रस्त्याने शहराबाहेर जेमतेम नऊ-दहा किलोमीटर. मेहेराबादच्या मधून रेल्वेलाइन जाते. ती ओलांडून टेकडी चढायची. वर घुमटाची छोटीशी समाधी, आत हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ मध्ये रंगवलेल्या भिंती. मेहेरबाबा मूळचे पुण्याचे, मेरवान इराणी. १० जुलै १९२५ला त्यांनी मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवत, नंतर नुसत्या खुणांनी बोलायचे. आणि त्यांचा भक्त कोण? ‘द हू’चा गिटारवाला पीट टाउनशेंड! दोघांची भेट कधी झालीच नाही. बाबा गेल्यावर, १९७२ मध्ये तो इथे येऊन गेला.

गंमत बघा. गुरू चव्वेचाळीस वर्षं गप्प, आणि शिष्याच्या बँडची १९७६ मध्ये जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनीजमध्ये नोंद : १२६ डेसिबल, तेही ३२ मीटरवरून! लोकांचे कान जातील म्हणून गिनीजने पुढे ती नोंदच बंद केली. टाउनशेंडच्या स्वतःच्या कानांनीही दगा दिला. कीर्तीचा हा भाग असेल, तर आमचा रॉकभक्त बरोबर आहे. गिटार काय, कुणीही फोडेल.

समाधीतून बाहेर आले, लांब एका झाडाखाली बसले आणि हेडफोन लावून १९७१चं ते गाणं पहिल्यापासून ऐकलं. सुरुवातीला बराच वेळ नुसता ऑर्गन, तेच तेच सूर गिरक्या घेत राहतात. लोक त्याला सिंथेसायझर समजतात. प्रत्यक्षात तो घरगुती लॉरी ऑर्गन. नावातला दुसरा अर्धा भाग टेरी रायलीचा. हा अमेरिकन संगीतकार किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकला. म्हणजे आपल्या भीमसेनअण्णांचं घराणं! ड्रमर कीथ मून एरवी धुडगूस घालणारा, पण इथे तोही आपली पाळी येईपर्यंत थांबतो. शेवटी व्हायोलिन येतं आणि लय चढत जाते. भजन संपताना टाळ-मृदंग कसे धावत सुटतात, अगदी तस्संच. तिसरा नंबर वगैरे मला माहीत नाही. पण इतक्या दांडगट पोरांनी इतकं थांबायला शिकावं, ह्यासाठी त्यांचं नाव टिकायलाच हवं. खाली रेल्वे धडधडत गेली, तरी मी हेडफोन काढले नाहीत.

रात्री पप्पांना गाणं ऐकवलं. व्हायोलिनला त्यांची बोटं टेबलावर चालू लागली.

‘‘हे आपल्या अरणगावच्या बाबांचं?’’

‘‘हो.’’

‘‘पुन्हा लाव. आवाज तेवढा कमी कर.’’